शेवंतीपासून लेण्याद्रीपर्यंत

दसऱ्याच्या तोंडावर नगरजवळच्या अकोळनेरला गेलो होतो. गाव शेवंतीसाठी ओळखलं जातं. फोटोच्या नादात मी थेट झाडांत घुसलो, तशा एक मावशी ओरडल्या, "बाळा, सरीतून चाल! फांदी मोडली की तेवढा तोडा गेला." लाजच वाटली. फुलं कुठं जातात, विचारलं. म्हणाल्या, "कल्याणला."

मग मीही कल्याण रस्ता धरला. टाकळी ढोकेश्वर, आणे घाट, आळेफाटा आणि तिथून जुन्नरजवळचं लेण्याद्री. जवळजवळ ३०० पायऱ्या! वर गिरिजात्मज गणपती आहे ना, ते ७ नंबरचं लेणं मुळात बौद्ध भिक्खूंचा विहार. मोठं दालन, एकही खांब नाही, कडेनं राहायच्या खोल्या. शेजारी ६ नंबरच्या चैत्यगृहात स्तूप आणि ब्राह्मी लेख. लेख सांगतो, हे दान कल्याणच्या हेरणिकाचा मुलगा सुलसदत्त याचं. हेरणिक म्हणजे सोनार, असा अर्थ लावतात.

म्हणजे बघा, आज मावशींची फुलं जातात त्याच कल्याणहून शेकडो वर्षांपूर्वी हे दान इथं आलं! सुलसदत्तचं नाव दगडावर आहे, कारण त्यानं अख्खं लेणं दिलं. आपण नुसते बघायला जातो. तेव्हा लेण्यात किल्ली खिशातच ठेवा, नावं कोरू नका. आणि शेतात सरीतूनच चाला. भेटू पुढच्या भागात!