व्हरमाँटचा गव्हर्नर आणि विवाहाचा प्रश्न

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत ‘गव्हर्नर’ हा शब्द ज्या अर्थानें योजितात, तो अर्थ आरंभींच ध्यानांत घेतला पाहिजे. भारतांत राज्यपालाची नेमणूक राष्ट्रपति करतात आणि कारभाराचीं सूत्रें मुख्यमंत्र्याच्या हातीं असतात. अमेरिकेंतील घटक राज्याचा गव्हर्नर मात्र लोकांनीं थेट निवडून दिलेला असतो आणि राज्यशकट तोच हांकतो. विधिमंडळानें संमत केलेल्या विधेयकावर सही करावयाची कीं तें परत पाठवावयाचें, हें त्याच्या इच्छेवर असतें. आणि त्या सहीचा जाब त्याला पुढील निवडणुकींत मतदारांपुढें द्यावा लागतो. व्हरमाँट राज्यांत तर ही मुदत अवघी दोन वर्षांची. तेथें कोणताहि गव्हर्नर लोकमताच्या दारापासून फार दूर राहूं शकत नाहीं.

अशा एका गव्हर्नरापुढें सन १९९९ च्या अखेरीस एक असा प्रश्न येऊन उभा राहिला, कीं ज्याला कोणतेंहि उत्तर दिलें तरी कांहीं लोक दुखावणारच होते. दोन पुरुषांनीं किंवा दोन स्त्रियांनीं एकमेकांशीं विवाह करावयाचें म्हटलें, तर राज्यानें तो मान्य करावा कीं नाहीं, हा तो प्रश्न होता.

व्हरमाँट हें अमेरिकेच्या ईशान्य कोपऱ्यांतील लहानसें डोंगराळ राज्य. सन २००० मध्यें त्याची लोकसंख्या सहा लक्षांच्या आसपास होती. दुभत्या गाईंचे गोठे, लांकडी कोठारें, लांबलचक हिवाळा आणि वर्षांतून एकदां गांवसभा भरवून गांवचा कारभार ठरविण्याची जुनी चाल, हीं या प्रदेशाचीं लक्षणें होत. सन १७७७ मध्यें तेथील लोकांनीं आपली राज्यघटना केली, तेव्हां प्रौढ माणसाला गुलाम म्हणून राबविण्यास त्यांनीं तींत मनाई केली. त्याच घटनेंत आणखी एक कलम होतें: शासनसंस्था ही सर्वांच्या समान हितासाठीं आहे, एखाद्या व्यक्तीच्या, घराण्याच्या अथवा वर्गाच्या खास लाभासाठीं नाहीं, असा त्याचा आशय. सुमारें सव्वादोनशें वर्षांनंतर याच कलमाचा आधार घेऊन तीन समलिंगी जोडपीं न्यायालयांत गेलीं. विवाहाचा परवाना नाकारला गेल्यामुळें वारसा, विमा, रुग्णशय्येपाशीं जोडीदाराच्या वतीनें निर्णय घेण्याचा अधिकार, अशा अनेक गोष्टींस आपण मुकतों, असें त्यांचें म्हणणें होतें.

ता. २० डिसेंबर १९९९ रोजीं राज्याच्या सर्वोच्च न्यायालयानें निकाल दिला. मुख्य न्यायमूर्ति जेफ्री अॅमेस्टॉय यांनीं लिहिलेल्या या निकालाचें तात्पर्य असें: विवाहित स्त्रीपुरुषांना राज्य जे लाभ व जें संरक्षण देतें, तें सर्व या जोडप्यांनाहि मिळालेंच पाहिजे, परंतु तें विवाहाच्या नांवानें द्यावें कीं दुसऱ्या एखाद्या समांतर व्यवस्थेनें द्यावें, हें विधिमंडळानें ठरवावें. न्यायमूर्ति डेनिस जॉन्सन यांना हा उत्तरार्ध मान्य नव्हता. हक्क सिद्ध झाला असेल तर परवानाहि तत्काळ मिळाला पाहिजे, असें त्यांनीं वेगळें मत नोंदविलें. बहुमताचा निकाल मात्र चेंडू राजकारणाच्या अंगणांत टाकून मोकळा झाला.

त्या वेळीं गव्हर्नरपदीं डेमोक्रॅटिक पक्षाचे हॉवर्ड डीन होते. डीन हे धंद्यानें डॉक्टर. सन १९९१ च्या ऑगस्ट महिन्यांत गव्हर्नर रिचर्ड स्नेलिंग यांचें अकस्मात् निधन झालें, तेव्हां दुय्यम गव्हर्नर असलेल्या डीन यांना ती बातमी एका रोग्याची तपासणी करतांना समजली, असें सांगतात. पुढें मतदारांनीं त्यांना चार वेळां निवडून दिलें. खर्चाच्या बाबतींत काटकसरी, स्वभावानें थोडे तडकफडक, आणि पक्षांतील जहाल मंडळींना फारसे न आवडणारे, असा त्यांचा लौकिक होता. सन १९९८ मध्यें रिपब्लिकन पक्षाच्या रूथ ड्वायर यांना त्यांनीं सुमारें ५६ टक्के मतें मिळवून हरविलें होतें. अशा माणसाला स्वस्थ बसणें अवघड नव्हतें.

निकालाच्या दिवशींच डीन यांनीं आपली भूमिका सांगून टाकली. समान हक्क देणारा कायदा झाला पाहिजे. मात्र त्याला विवाह हें नांव नको, समांतर व्यवस्था असावी. समलिंगी विवाहाच्या कल्पनेनें इतर पुष्कळांप्रमाणें आपणहि अस्वस्थ होतों, हेंहि त्यांनीं लपविलें नाहीं. या भूमिकेनें दोन्ही बाजूंचे लोक नाराज झाले. एका पक्षाला वाटलें, कीं धर्म आणि परंपरा यांचा आधार उखडला जात आहे. दुसऱ्याला वाटलें, कीं हक्क देतांनाहि आपल्याला मागल्या दारानें आंत घेतलें जात आहे.

सन २००० च्या आरंभीं माँटपीलिअर या राजधानींत विधिमंडळाच्या समितीनें जाहीर सुनावणी ठेवली. ऐन हिवाळ्यांत दूरदूरच्या खेड्यांतून शेंकडों माणसें आलीं आणि दोन्ही बाजूंनीं आपलें म्हणणें मांडून गेलीं. मार्चमध्यें भरलेल्या गांवसभांत अनेक गांवांनीं समलिंगी विवाहाच्या विरुद्ध ठराव केले. ते कायद्यानें बंधनकारक नव्हते, परंतु आपल्या मतदारसंघाचा कल काय आहे, हें प्रत्येक प्रतिनिधीला त्यांवरून स्वच्छ दिसत होतें.

समितीचे अध्यक्ष टॉम लिट्ल हे रिपब्लिकन पक्षाचे, तर उपाध्यक्ष बिल लिपर्ट हे आपण समलिंगी आहों हें उघडपणें सांगणारे त्या सभागृहांतील एकमेव सदस्य. या दोघांच्या समितीनें ‘सिव्हिल युनियन’, म्हणजे नागरी सहबंध, या नांवाची व्यवस्था सुचविली. राज्याच्या कायद्यापुरते विवाहाचे सर्व हक्क व सर्व कर्तव्यें तींत होतीं. उणें होतें तें विवाह हें नांव. मार्चमध्यें प्रतिनिधिगृहानें हें विधेयक ७६ विरुद्ध ६९ मतांनीं संमत केलें. सिनेटमध्यें त्याला १९ मतें अनुकूल व ११ प्रतिकूल पडलीं. ता. २५ एप्रिल रोजीं प्रतिनिधिगृहानें त्याला ७९ विरुद्ध ६८ मतांनीं अखेरची मान्यता दिली.

दुसऱ्याच दिवशीं डीन यांनीं सही केली. पण ती बंद दाराआड. छायाचित्रकार नाहींत, पाहुणे नाहींत, सहीच्या लेखण्या वांटण्याचा नेहमींचा सोहळा नाहीं. राज्यांत एवढी दुही माजली असतां विजयोत्सव करूं नये, असें त्यांचें समर्थन होतें. ज्यांच्यासाठीं कायदा झाला त्यांतील कित्येकांना मात्र ही गोष्ट लागली. लग्नाचें आमंत्रण द्यावें आणि मांडवाला पडदे लावावेत, तसा हा प्रकार त्यांना वाटला. ता. १ जुलैला कायदा अंमलांत आला. ब्रॅटलबरो गांवीं तर मध्यरात्र उलटतांच कचेरी उघडून परवाना देण्यांत आला.

यानंतरचा उन्हाळा व्हरमाँटच्या लोकांना बराच काळ आठवत राहिला. गांवोगांवच्या कोठारांवर ‘व्हरमाँट परत मिळवा’ अशा अर्थाच्या पाट्या लागल्या. त्यांना उत्तर म्हणून ‘व्हरमाँट पुढें न्या’ अशा पाट्या निघाल्या. शेजाऱ्याशेजाऱ्यांत अबोला आला. गव्हर्नराला धमक्या आल्या, आणि प्रचाराच्या काळांत डीन यांना अंगांत गोळीरोधक जाकीट घालून फिरावें लागलें. ज्या राज्यांत गव्हर्नर बाजारांत एकटा भेटावा अशी रीत, तेथें ही गोष्ट सामान्य नव्हती.

सप्टेंबरमध्यें पक्षांतर्गत निवडणुका झाल्या. विधेयकाच्या बाजूनें मत दिलेल्या पांच रिपब्लिकन प्रतिनिधींना त्यांच्याच पक्षाच्या मतदारांनीं घरीं बसविलें. वॉशिंग्टन नांवाच्या लहानशा गांवच्या मेरियन मिल्न या त्यांपैकींच एक. आपल्या मतदारसंघाचें मन आपल्या मतासारखें नाहीं, हें त्यांना ठाऊक होतें. तरी त्यांनीं मत बदललें नाहीं आणि जागा गमावली. नोव्हेंबरच्या मुख्य निवडणुकींत आणखी कांहीं समर्थक पडले, आणि प्रतिनिधिगृहांतील बहुमत डेमोक्रॅटिक पक्षाच्या हातून निसटून रिपब्लिकनांकडे गेलें. सिनेट तेवढी डेमोक्रॅटिक पक्षाकडे राहिली.

गव्हर्नरपदाच्या लढतींत डीन यांच्यासमोर पुन्हां रूथ ड्वायर होत्या. शिवाय प्रोग्रेसिव्ह पक्षाचे अँथनी पॉलीना हे डावीकडून उभे होते. येथें व्हरमाँटच्या घटनेंतील एक जुनी तरतूद महत्त्वाची ठरते. कोणाहि उमेदवाराला निम्म्याहून अधिक मतें न मिळाल्यास गव्हर्नराची निवड दोन्ही सभागृहांनीं मिळून करावयाची असते. प्रतिनिधिगृह तर आतां विरोधकांच्या ताब्यांत गेलें होतें. डीन पन्नास टक्क्यांच्या खालीं घसरते, तर ड्वायर यांच्याहून कितीहि मतें अधिक मिळालीं असतीं तरी त्यांचें भवितव्य सभागृहांतील मतदानावर गेलें असतें. प्रत्यक्षांत त्यांना पन्नास टक्क्यांहून किंचित् अधिक मतें मिळालीं. ड्वायर यांना सुमारें ३८ टक्के व पॉलीना यांना दहा टक्क्यांच्या आंत मिळालीं. अर्ध्या टक्क्याइतक्या त्या अंतरानें डीन यांची खुर्ची वांचली, आणि तिच्याबरोबर कायद्याचा एक भक्कम आधारहि वांचला. पुढें नव्या प्रतिनिधिगृहांत कायदा मोडून काढण्याच्या हालचाली झाल्या. परंतु सिनेट अनुकूल नाहीं आणि गव्हर्नरहि ठाम आहे, हें पाहून त्या विरल्या.

या हिशेबांत एक गोष्ट विशेष दिसते. गव्हर्नराच्या भूमिकेची जबर किंमत गव्हर्नरानें एकट्यानें मोजली नाहीं. तिचा मोठा वांटा खेड्यापाड्यांतून निवडून आलेल्या साध्या प्रतिनिधींनीं उचलला, आणि त्यांतल्या पुष्कळांचीं नांवें राज्याबाहेर कोणाला ठाऊकहि झालीं नाहींत. डीन यांना मात्र त्याच सहीनें देशभर ओळख मिळवून दिली. सन २००२ मध्यें ते पुन्हां उभे राहिले नाहींत. राष्ट्राध्यक्षपदाच्या उमेदवारीकडे वळले. सन २००३ मध्यें कांहीं काळ ते आपल्या पक्षांत आघाडीवर होते. जानेवारी २००४ मध्यें आयोवा राज्यांत ते तिसरे आले आणि फेब्रुवारींत त्यांनीं माघार घेतली. या पराभवाचीं कारणें अनेक होतीं. नागरी सहबंधाचा कायदा हेंच एक कारण होतें असें म्हणतां येणार नाहीं. पुढें चार वर्षे त्यांनीं पक्षाच्या राष्ट्रीय समितीचें अध्यक्षपद सांभाळलें.

डीन यांच्यानंतर रिपब्लिकन पक्षाचे जिम डग्लस गव्हर्नर झाले. पाट्या हळूहळू कोठारांवरून उतरल्या. नागरी सहबंध होत राहिले आणि ज्यांनीं आकाश कोसळेल असें भाकीत केलें होतें त्यांच्याहि गाई वेळेवर दूध देत राहिल्या. सन २००४ च्या निवडणुकींत प्रतिनिधिगृह पुन्हां डेमोक्रॅटिक पक्षाकडे आलें. सन २००९ मध्यें विधिमंडळानें पूर्ण विवाहाचें विधेयक संमत केलें. डग्लस यांनीं आपण तें नाकारणार असें आधींच जाहीर केलें होतें, आणि ता. ६ एप्रिल रोजीं त्यांनीं तें परत पाठविलें. गव्हर्नराचा नकार मोडण्यास दोन तृतीयांश मतें लागतात. प्रथम संमतीच्या वेळीं प्रतिनिधिगृहांत तेवढीं मतें पडलीं नव्हतीं. परंतु दुसऱ्या दिवशीं सिनेटमध्यें २३ विरुद्ध ५ आणि प्रतिनिधिगृहांत १०० विरुद्ध ४९ अशीं मतें पडलीं. एक मत कमी पडतें तर विधेयक बुडालें असतें. न्यायालयाच्या हुकमावांचून, केवळ लोकप्रतिनिधींच्या मतानें समलिंगी विवाह मान्य करणारें व्हरमाँट हें अमेरिकेंतील पहिलें राज्य ठरलें.

याचे परिणामहि उलटे झाले. नकार देणारे डग्लस सन २०१० मध्यें उभे राहिले नाहींत, आणि विधेयक पुढें रेटणारे सिनेटचे नेते पीटर शमलिन हेच त्यांच्या जागीं आले. त्यांनाहि पन्नास टक्के मतें मिळालीं नव्हतीं, म्हणून जुन्या तरतुदीप्रमाणें विधिमंडळानें त्यांची निवड केली. दहा वर्षांपूर्वीं जें मत देणें म्हणजे जागेवर पाणी सोडणें होतें, तेंच मत आतां गव्हर्नरपदाच्या वाटेंत आड आलें नाहीं.

व्हरमाँटच्या पलीकडे ही वाट इतकी सरळ नव्हती. सन २००४ च्या मे महिन्यांत मॅसॅच्युसेट्समध्यें न्यायालयाच्या निकालानें समलिंगी विवाह सुरू झाले, आणि त्याच वर्षीं नोव्हेंबरांत अकरा राज्यांच्या मतदारांनीं त्यांना मनाई करणाऱ्या घटनादुरुस्त्या एकाच दिवशीं संमत केल्या. अखेर ता. २६ जून २०१५ रोजीं संयुक्त संस्थानांच्या सर्वोच्च न्यायालयानें सर्व राज्यांना हा विवाह मान्य करावयास लाविलें. भारतांत ता. १७ ऑक्टोबर २०२३ रोजीं सर्वोच्च न्यायालयाच्या पांच न्यायमूर्तींनीं या विषयावर निकाल दिला. विवाहाचा असा मूलभूत हक्क घटनेंत नाहीं आणि हें काम विधिमंडळाचें आहे, असें त्यांनीं ठरविलें. नागरी सहबंधाचा हक्कहि तीन विरुद्ध दोन अशा बहुमतानें नाकारला गेला. म्हणजे चेंडू येथेंहि लोकप्रतिनिधींकडेच आला.

डीन यांचा मधला मार्ग धैर्याचा होता कीं सावधपणाचा, याविषयीं व्हरमाँटमध्यें पुढेंहि वाद होत राहिला. बंद दाराआडची सही पाहिली तर तो सावधपणाचा वाटतो. गोळीरोधक जाकीट पाहिलें तर धैर्याचा वाटतो. दोन्ही गोष्टी एकाच माणसाच्या, एकाच वर्षांतल्या आहेत. विवाह हें नांव वगळून त्यांनीं ज्यांना राजी करूं पाहिलें ते पुष्कळसे राजी झालेच नाहींत. त्यांनीं विरोधांतच मत दिलें. परंतु त्या सवलतीमुळें ७६ हात वर झाले, कायदा उभा राहिला, आणि नऊ वर्षांत लोकांनीं तो शेजारच्या घरांतून डोळ्यांनीं पाहिला. सन २००९ च्या एप्रिलमध्यें प्रतिनिधिगृहांत जेव्हां शंभरावें मत मोजलें गेलें, तेव्हां सन २००० मध्यें जागा गमावलेले प्रतिनिधि त्या सभागृहांत नव्हते. त्या शंभरांत त्यांचाहि वांटा होता, एवढें मात्र खरें.