मोत्याची चानकी, मनीची वाटी



नांदेड जिल्ह्यातल्या दोन मोठ्या ठाण्यांचे देव कुत्र्यांना सोबत घेऊन असतात. माहूरच्या दत्ताच्या तसबिरीत पायाशी चार, आणि माळेगावच्या खंडोबाच्या घोड्याबरोबर एक. लोहा तालुक्यातल्या या माळेगावला मार्गशीर्षात यात्रा भरते तेव्हा घोडे येतात, गाढवं येतात, लाल कंधारी वळू येतात आणि श्वानांचंही प्रदर्शन होतं. तिथं दोरीला ओढ देत उभे असतात ते कारवानी कुत्रे. लांबोडकं तोंड, पाठीला चिकटलेलं पोट, दुरूनही मोजता येतील अशा बरगड्या. शहरातला पाहुणा हटकून विचारतो, "याला खायला घालत नाहीत का हो?" मालक हसतो. पळणाऱ्या कुत्र्याचं अंग असंच असावं लागतं, हे त्याला बापजाद्यांपासून ठाऊक आहे. लातूरच्या सोसायटीत लिफ्टनं वर-खाली करणाऱ्या लॅब्रॅडॉरच्या मालकाला मात्र ते अजून कळायचं आहे, आणि आजचं बोलणं खरं तर त्याच्यासाठीच आहे.

कारवानी आणि त्याचा झुबकेदार केसांचा भाऊबंद पश्मी हे आपल्या भागाचे कुत्रे. चाकूर तालुक्यातलं जानवळ त्यासाठी ओळखलं जातं. हीच जात कर्नाटकात मुधोळ म्हणून नावाजली. मुधोळचे राजे मालोजीराव घोरपडे यांनी तिची पिल्लं इंग्लंडचा बादशहा पाचवा जॉर्ज याला भेट दिली होती. २००५ मध्ये टपाल खात्यानं मुधोळवर तिकीट काढलं आणि ३० ऑगस्ट २०२० च्या 'मन की बात'मध्ये पंतप्रधानांनी देशी कुत्रे पाळा म्हणताना तिचं नाव घेतलं. इतका मान मिळालेल्या या कुत्र्याच्या पुढ्यात काय पडत आलं? ज्वारीची भाकर. ताकात नाहीतर दुधात कुस्करलेली. परातीतलं उरलेलं पीठ थापून शेवटची जी लहानशी चानकी होते, ती पोराची नाहीतर कुत्र्याची.

पण हे चित्र अर्धंच आहे. कारवानी हा शिकारी कुत्रा. माळावर ससा धरला की त्याचा वाटा त्यालाही मिळायचा. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं ही शिकार गुन्हा ठरली, आणि ते योग्यच झालं. मात्र कुत्र्याच्या बाजूनं पाहिलं तर मांस गेलं आणि भाकर तेवढी राहिली. "आमच्या आज्यानं भाकरीवरच कुत्री वाढवली" असं सांगणारा हा सशाचा हिशोब सोयीनं विसरतो.

भाकर कुत्र्याला पचत नाही, असं मात्र नाही. स्वीडनच्या उप्साला विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१३ मध्ये 'नेचर' या नियतकालिकात लांडगा आणि कुत्रा यांच्या जनुकांची तुलना प्रसिद्ध केली. पिष्ट पचवणारं द्रव्य तयार करणाऱ्या जनुकाच्या लांडग्यात दोनच प्रती, तर कुत्र्यात ४ पासून ३० पर्यंत. माणूस शेती करू लागला, त्याच्या उकिरड्यावर धान्य पडू लागलं, आणि ते ज्यांना पचलं ते माणसाजवळ टिकले. म्हणजे भाकर हा कुत्र्याचा जुनाच घास आहे. अडचण वेगळी आहे. ज्वारीत लायसिन हे प्रथिनातलं आवश्यक द्रव्य कमी असतं आणि कॅल्शियमही फार नसतं. वाढत्या पिलाला नुसत्या भाकरीवर ठेवलं तर अंग धरत नाही. उलट टोकाला नुसतं चिकन घालणारे हौशी मालक आहेत. बिनहाडाच्या मांसात फॉस्फरस भरपूर आणि कॅल्शियम नावालाच. मग शरीर आपल्याच हाडांतून कॅल्शियम काढून घेतं आणि पिलाचे पाय वाकतात. शिजलेलं हाड घालावं, तर त्याची अणकुचीदार शकलं होऊन आतडं फाटण्याची भीती.

इथं येतो गल्लीतला पेट शॉपवाला.

नांदेड काय, लातूर काय, गेल्या काही वर्षांत ही दुकानं वाढली. आधी माशांच्या काचेच्या टाक्या, मग पट्टे-साखळ्या, आणि आता दारातच रचलेली खाद्याची पोती. कुणी तेलंगणातल्या कारखान्यातून आलेलं, कुणी छत्तीसगडच्या राजनांदगावचं, कुणी परदेशी. पिलू घरी आलं की माणूस आधी याच दुकानात जातो, जनावरांच्या दवाखान्यात नंतर. तेही पिलू आजारी पडलं तर. त्यामुळे इच्छा असो वा नसो, काउंटरमागचा माणूस आहारतज्ज्ञ होऊन बसला आहे. त्याच्या एका "हे न्या हो"वर त्या जनावराची दहा-बारा वर्षं ठरतात.

चांगला दुकानदार ओळखायचा कसा? तो पोतं उलटं करतो. पुढच्या बाजूला चकाकत्या केसांच्या कुत्र्याचं चित्र असतं, मागच्या बाजूला मजकूर. तिथं घटक वजनाच्या उतरत्या क्रमानं लिहिण्याची पद्धत आहे. पहिलं नाव कोंबडीचं आहे की मक्याचं, एवढं वाचलं तरी बरंच कळतं. बऱ्याच पोत्यांवर सोयाबीनची पेंड दिसेल. लातूरकरांनी तिला नाक मुरडायचं कारण नाही, आपल्याच मोंढ्यातलं पीक आहे आणि पेंडीत प्रथिनं भरपूर असतात; पण ते मांस नव्हे, आणि मांसाच्या भावानं ते घेऊ नये. अमेरिकेतल्या ॲफको या संस्थेनं घालून दिलेली किमान पातळी जगभर प्रमाण धरतात. पाण्याचा अंश वगळून मोठ्या कुत्र्याच्या खाद्यात १८ टक्के प्रथिन, पिलाच्या साडेबावीस, मोठ्या मांजराच्या २६ आणि मांजराच्या पिलाच्या ३० टक्के. हे चार आकडे दुकानाच्या भिंतीवर लावायला कागदाचा एक तुकडा पुरतो.

यातला २६ चा आकडा नीट पाहा. मांजर म्हणजे लहान कुत्रा नव्हे. आपल्याकडे मनीची व्यवस्था म्हणजे दूध-भात किंवा कुत्र्याच्या पोत्यातलीच मूठभर. मांजर हा पक्का मांसाहारी जीव. टॉरिन नावाचं द्रव्य त्याला अन्नातूनच मिळावं लागतं आणि ते मांस-मासळीत असतं, धान्यात नसतं. ते कमी पडलं तर डोळ्याचा पडदा खराब होतो, हे १९७५ मध्ये दाखवलं गेलं. १९८७ मध्ये कॅलिफोर्नियातल्या पॉल पायन या पशुवैद्यानं आणि सहकाऱ्यांनी 'सायन्स' नियतकालिकात त्याहून धक्कादायक गोष्ट मांडली. हृदय पसरट, दुबळं होऊन मरणाऱ्या मांजरांच्या रक्तात टॉरिन कमी होतं, आणि ही मांजरं उकिरड्यावरची नव्हती, कंपन्यांचं विकतचं खाद्य खाणारी होती. कंपन्यांनी टॉरिन वाढवलं आणि तो आजार विरळा झाला. पोतं म्हटलं की डोळे मिटून विश्वास ठेवणाऱ्यानं ही गोष्ट लक्षात ठेवावी, आणि पोतं म्हटलं की नाक मुरडणाऱ्यानंही. चूक झाली तशी ती शोधून दुरुस्तही झाली. घरच्या दूध-भाताची चूक कुणी मोजतच नाही.

दुधाचं तर काय सांगावं. मनी आणि दूध ही जोडी आपल्या गोष्टींत इतकी घट्ट बसली आहे की कुणाचा विश्वास बसत नाही; पण मोठ्या झालेल्या बहुतेक मांजरांना दुधातली साखर नीट पचत नाही आणि पोट बिघडतं. त्यांना हवं असतं पाणी. मांजराचे पूर्वज वाळवंटातले, त्यामुळे तहान मुळात कमी. त्यात कोरड्या खाद्यात पाणी जेमतेम दहा टक्के. बोक्याच्या लघवीत खडे धरून मार्ग बंद झाला तर ती तातडीची वेळ असते. तो वारंवार मातीत बसतोय, कण्हतोय आणि काही होत नाही असं दिसलं, तर सकाळची वाट बघू नका. एरवी ओलं खाद्य थोडंफार द्यावं, पाण्याच्या वाट्या दोन-तीन ठिकाणी ठेवाव्यात. एप्रिल २०१६ मध्ये ज्या लातूरनं मिरजेहून रेल्वेनं आलेलं पाणी प्यायलं, त्या शहराला पाण्याच्या वाटीची किंमत बाहेरच्यानं सांगायला नको.

आता लॅब्रॅडॉरकडे वळू. एका अभ्यासात ४८ लॅब्रॅडॉर पिलांच्या जोड्या लावल्या. जोडीतल्या एकाला नेहमीचं खाणं, दुसऱ्याला त्याच्याहून पाव हिस्सा कमी, आणि हे जन्मभर. २००२ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. कमी खाणारे सरासरी १३ वर्षं जगले, दुसरे ११.२ वर्षं. खाद्य तेच, फरक फक्त मापाचा. २०१६ मध्ये केंब्रिजच्या संशोधकांनी आणखी एक गोष्ट दाखवली. जवळजवळ पाव हिस्सा लॅब्रॅडॉरमध्ये भुकेशी निगडित एका जनुकाचा तुकडाच गळालेला असतो. त्याची ती केविलवाणी नजर म्हणजे दर वेळी भूक नसते, पण जेवताना तो शेजारी येऊन बसला की घरातल्या आजीचा जीव राहत नाही. पोळीचा तुकडा जातो. मग शंकरपाळं. संध्याकाळी चहाबरोबर बिस्किट. बिस्किट म्हणजे मैदा आणि साखर. लातूरच्या क्लासेसच्या गल्ल्यांत भटकी कुत्री तर त्यावरच जगताना दिसतात. देणाऱ्याची माया खोटी नाही, पण दोन रुपये जास्त घालून उकडलेलं अंडं दिलं तर ती माया कुत्र्याच्या अंगी लागेल.

गंमत अशी की कुत्र्याच्या आयुष्यात जवळजवळ दोन वर्षांची भर घालणारा हा उपाय विकता येत नाही. कमी खाऊ घाला, असं सांगणारा दुकानदार आपलंच गिऱ्हाईक आखडतो. तरीही कुणी गिऱ्हाइकाला मापाची वाटी देऊन "एवढंच, दोन वेळा" म्हणत असेल, तर त्याच्याकडून पोतं घ्यायला हरकत नाही.

आणखी एक सवय आपल्या बाजारात रुळली आहे, सुटं खाद्य घेण्याची. वीस किलोचं पोतं फोडून किलो-किलोनं विकायचं. गरिबाच्या कुत्र्याला तेच परवडतं, त्यामुळे वाईट म्हणवत नाही. पण फोडलेल्या पोत्यातली चरबी हवेनं खवट होते, पावसाळ्यात दमट कोपऱ्यात बुरशी धरते, आणि वर लिहिलेली तारीख गिऱ्हाइकाच्या पिशवीत जात नाही. बुरशीचं विष काय करतं ते २०२० च्या डिसेंबरात अमेरिकेत दिसलं. एका कंपनीच्या खाद्यात मक्यातून अफ्लाटॉक्सिन आलं आणि शंभराहून जास्त कुत्री दगावली. तिथं निदान माल परत मागवता आला, कारण पोत्यावर गटाचा क्रमांक होता. सुट्या मालाला तो कुठला? भुईमुगाच्या शेंगा काळ्या पडल्या तर जनावराला घालू नयेत हे आपल्या शेतकऱ्याला ठाऊक आहे. कुत्र्याचं खाद्यही त्याच डोळ्यानं बघावं. सुटं घ्यायचंच तर पंधरा दिवसांपुरतं घ्यावं, झाकणाच्या डब्यात ठेवावं आणि वास घेऊन पाहावा.

मग भाकर बंद करायची का? मुळीच नाही. ज्याला पोतं परवडत नाही त्यानं भाकरीला अंडं, शिजवलेलं बिनहाडाचं चिकन किंवा कलेजीचा लहानसा तुकडा, थोडं दही अशी जोड द्यावी, आणि कॅल्शियम किती घालायचं ते पशुवैद्याला विचारावं. दुकानातून कॅल्शियमची बाटली आणून अंदाजानं ओतू नये. मोठ्या जातीच्या पिलाला जादा कॅल्शियमही हाडांना बाधतं. विचारायला जागा जवळच आहे. उदगीरला १९८७ पासून पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, परभणीला त्याच्याही आधीपासूनचं. खाणं बदलताना मात्र एका दिवसात बदलू नका. आठ-दहा दिवस जुन्यात नवं मिसळत न्या.

दुकानदारांसाठीही कायदा आहे. २०१८ च्या पेट शॉप नियमांनुसार राज्याच्या प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी लागते, आणि आठ आठवड्यांच्या आतलं पिलू विकता येत नाही. यामागेही खाण्याचंच कारण आहे. आईच्या दुधावरून पिलू नीट सुटायला तेवढा वेळ जावा लागतो. महिन्याचं पिलू टोपलीत घालून "दूध पाजा, जगेल" म्हणणाऱ्याकडे खाद्याचा सल्ला मागण्यात अर्थ नाही.

जाता जाता एक विनंती. माळेगावची यात्रा आणि येळवस, म्हणजे वेळ अमावास्या, एकाच सुमारास येतात. लातूर, धाराशिवकडचं अख्खं घर त्या दिवशी शेतात असतं, कोपीसमोर पंगत बसते, भज्जी आणि आंबील पोटभर होते, आणि राखणीचा मोत्या पंगतीच्या कडेला शेपटी हलवत उभा राहतो. कांदा आणि लसूण कुत्र्या-मांजराच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फोडतात. शिजवले तरी, वाळवून पूड केली तरी. मनुके-बेदाणे मूत्रपिंडाला घातक आणि चॉकलेटही विषच. म्हणून या येळवसेला लसणाच्या भज्जीत बुडवलेला उंडा त्याच्यापुढे टाकू नका. त्याची चानकी आधीच कोरडी काढून ठेवा, वर एक उकडलेलं अंडं कुस्करा, आणि शेजारी पाण्याचं भांडं भरून ठेवा.