पुठ्ठ्याची पट्टी



प्रास्ताविक वगैरे बाजूला ठेवते, कारण माझ्या पिशवीत एक वस्तू आहे आणि ती दाखवायची मला घाई झाली आहे. ही पाहा. नव्या शर्टाच्या खोक्यातला पुठ्ठा कापून केलेली पट्टी. चार बोटं रुंद, दोन्ही टोकांना नाडी. टीव्हीच्या पडद्यावर खालच्या कडेला ही बांधायची, म्हणजे इंग्रजी सबटायटल्स झाकली जातात. ('उपशीर्षक' म्हटलं की मला वर्तमानपत्रातल्या बातमीची दुसरी ओळ आठवते, म्हणून मी आपली 'सबटायटल'च म्हणणार.) या पट्टीने माझ्या वर्गाला जेवढं जपानी शिकवलं, तेवढं आमच्या पाठ्यपुस्तकांनी शिकवलं नाही.

मी पुण्यात जपानी शिकायला लागले तेव्हा ती भाषा दोनच ठिकाणांहून कानावर पडायची. एक बाईंच्या तोंडून आणि दुसरं घासून गुळगुळीत झालेल्या कॅसेटमधून. कॅसेटमधले तनाका-सान सदानकदा ग्रंथालयाचा पत्ता विचारत असायचे. त्यांना कधी राग आला नाही, ठसका लागला नाही, वाक्य अर्ध्यावर सोडावंसं वाटलं नाही. मग एकदा लॉ कॉलेज रस्त्यावरच्या फिल्म अर्काइव्हमध्ये जपानी दिग्दर्शक ओझूचा 'तोक्यो मोनोगातारी' पाहिला. १९५३ सालचा चित्रपट. ओनोमिचीहून म्हातारा-म्हातारी तोक्योला मुलांकडे जातात, मुलांना त्यांच्यासाठी वेळ नसतो, आणि युद्धात गेलेल्या मुलाची विधवा बायको नोरिको तेवढी त्यांची विचारपूस करते. सव्वादोन तास मी रडत होते. घरी येताना बसमध्ये एकेक संवाद आठवायला लागले, तर आठवत होते ते सगळे इंग्रजीत! जपानी मी ऐकलंच नव्हतं. डोळ्यांनी कानांचा घास पळवला होता.

पुढे घरात व्हीसीआर आला, तोच चित्रपट मिळाला, आणि मी ही पट्टी बांधली. तेव्हा कळलं, त्या पांढऱ्या अक्षरांखाली काय काय गाडलं गेलं होतं ते. सबटायटल लिहिणाऱ्याला मी दोष देत नाही. त्याला दोन ओळी मिळतात, ओळीत चाळीसेक अक्षरं, आणि पाच-सहा सेकंदांत वाचून व्हायला हवं. तो कापणारच. पण कापतो काय? पोटची मुलगी शिगे वडिलांना 'ओतोसान' म्हणते, सून नोरिको 'ओतोसामा' म्हणते. इंग्रजीत दोघींचं 'फादर'. शिगे स्वतःला 'आताशी' म्हणते, नोरिको 'वाताकुशी'. इंग्रजीत दोघींचं एक अक्षरी 'आय'. एकीच्या बोलण्यात घरच्या मुलीचा मोकळेपणा आणि दुसरीच्या बोलण्यात पदर सावरून बसलेली सून, हा सगळा फरक त्या एका अक्षरात बुडाला. मराठी माणसाला तो समजावून सांगावा लागत नाही. बापाला 'अहो बाबा' म्हणणारी मुलगी आणि सासऱ्यांना 'मामंजी' म्हणणारी सून आपण एकाच माजघरात पाहिलेल्या आहेत. म्हणजे आपल्या घरात जे आहे ते जपान्यांच्या घरात आहे, आणि मध्ये इंग्रजी दुभाष्या बसल्यामुळे दोघांची भेट होत नाही.

हे केवळ माझं म्हातारपणीचं कुरकुरणं समजू नका. हॉलंडमधल्या मिटरर आणि मॅक्वीन या दोन संशोधकांनी २००९ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. चांगलं इंग्रजी येणाऱ्या डच विद्यार्थ्यांना त्यांनी ऑस्ट्रेलियन विनोदी मालिका किंवा स्कॉटिश बोलीतला 'ट्रेनस्पॉटिंग' हा चित्रपट दाखवला, फक्त २५ मिनिटं. काहींना इंग्रजी सबटायटल्स, काहींना डच, काहींना काहीच नाही. नंतर त्याच बोलीतली वाक्यं ऐकवून ती परत म्हणायला लावली. इंग्रजी अक्षरं वाचत इंग्रजी ऐकलेल्यांचा कान त्या अनोळखी उच्चारांना सरावला. डच वाचलेल्यांना मात्र नवी वाक्यं आली की त्या मातृभाषेची मदत होण्याऐवजी अडचणच झाली. कानाला जे ऐकू येतं तेच डोळ्याने वाचलं तर दोघं एकमेकांना हात देतात. वेगळं वाचलं तर डोळा जिंकतो.

याच्याशी नातं सांगणारी एक गोष्ट आपल्या देशातही घडली आहे. १९९६ साली ब्रिज कोठारी अमेरिकेत शिकत असताना मित्रांबरोबर आल्मोदोवारचा एक स्पॅनिश चित्रपट पाहत होते. ही सबटायटल्स स्पॅनिशमध्येच असती तर आपलं स्पॅनिश सुधारलं असतं, असं त्यांच्या मनात आलं. त्या इच्छेतून पुढे आला 'चित्रहार'च्या हिंदी गाण्यांखाली हिंदीच ओळी दाखवण्याचा प्रकल्प. गाणं पुढे सरकेल तसा शब्दांचा रंग बदलायचा, आठवत असेल. शाळा अर्धवट सुटलेल्या माणसांचं वाचन पक्कं व्हावं, हा त्याचा हेतू. परकीय भाषेच्या विद्यार्थ्याची एक तक्रार साक्षरतेच्या कामी आली! आणि आपण भाषाशिक्षक मात्र अजून इंग्रजी ओळींवर भागवतो आहोत.

तुम्ही म्हणाल, बाई, मग जपानी सबटायटल्स लावा. लावते की. वरच्या वर्गांना लावते. १९९६च्याच नोव्हेंबरात जपानमध्ये डीव्हीडी विक्रीला आली, तेव्हापासून आवाज एका भाषेचा आणि अक्षरं दुसऱ्या भाषेची निवडायची सोय झाली. पण रोजच्या वापराची २१३६ कांजी चिन्हं शिकेपर्यंत पहिल्या वर्षाच्या पोराने काय करायचं? माझं आजचं मागणं इथेच आहे: जपानी आवाज देवनागरीत लिहून खाली द्या.

यात गंमत अशी की मराठी जीभ आधीच निम्मी तयार आहे. जपानीतला 'त्सु' मुलांना अवघड जातो, कारण रोमन लिपीतलं स्पेलिंग पाहून ती 'ट', 'स' चाचपडत बसतात. त्यांना 'चुना' म्हणायला सांगा, 'चुलता' म्हणायला सांगा. तोच 'चु'! वर्तमानपत्रं 'त्सुनामी' छापतात. 'चुन्या'तला च घेऊन 'चुनामी' छापलं असतं तरी चाललं असतं. 'ओजिसान' म्हणजे काका आणि 'ओजीसान' म्हणजे आजोबा. रोमनमध्ये हा फरक पुष्कळदा गळून जातो. देवनागरीत एका वेलांटीने भागतं. सगळंच भागतं असं नाही. ओचा ऱ्हस्व-दीर्घ भेद आपल्याकडे नाही, म्हणून 'तोओक्योओ' असं बोजड लिहावं लागतं.

तांत्रिक कटकटीही आहेत, त्या या कामात पडलेल्यांना ठाऊक आहेत. खालच्या ओळीची वेलांटी वरच्या ओळीच्या उकाराला जाऊन धडकते. अक्षरं मोजणाऱ्या संगणकाला 'स्त्री' हा शब्द सहा अक्षरांचा वाटतो, म्हणून 'ओळ फार लांब झाली' अशी तो ओरड करतो. डोळ्याला ते एकच अक्षर. या दुरुस्त्या आपल्यालाच कराव्या लागतील, तोक्योहून कोणी येऊन करणार नाही.

एक सावधगिरी मात्र बाळगा. चित्रपटातली भाषा उचलताना ती कोणाच्या तोंडची आहे हे पाहावं. माझा एक विद्यार्थी, हुशार, रात्रंदिवस ॲनिमे पाहून जपानी शिकलेला. चाकणच्या एका कारखान्यात दुभाषा म्हणून लागला आणि पहिल्याच दिवशी साठीच्या जपानी पाहुण्यांना त्याने 'ओमाए' म्हणून संबोधलं. आपल्याकडे व्याह्यांना 'काय रे ए' म्हणावं, तसं. पाहुणे हसले. साहेब हसले नाहीत; संध्याकाळी मला फोन आला, 'मॅडम, हे तुम्ही शिकवलंत?' आणि उलटंही होतं: ओझूच्या नायिकांची भाषा आज जशीच्या तशी बोललात तर लोक तुम्हाला पणजीबाई समजतील. यावर माझा साधा उपाय आहे. चित्रपट आधी पूर्ण पाहू द्यावा, हवी ती सबटायटल्स लावून, रडू द्यावं, हसू द्यावं. मग त्यातली तीनच मिनिटं घ्यावीत. पडदा बंद, नुसता आवाज. कोण कोणाशी बोलतंय, मोठा कोण, लहान कोण, हे आवाजावरून ओळखायचं. मग अक्षरं. मग पट्टी. आणि शेवटी पात्राच्या मागोमाग, त्याच्याच दमाने बोलायचं. वर्गात पहिल्यांदा हे करताना मुलं लाजतात. दुसऱ्या आठवड्यात भांडतात, म्हातारा मी होणार म्हणून.

बोलणं लांबलं. चहानंतर म्हातारा-म्हातारी तोक्योला मुलाच्या घरी पोहोचतात तेवढा प्रसंग आपण पाहणार आहोत. या सभागृहाचा पडदा भलताच मोठा, माझी पट्टी पुरणार नाही, म्हणून संयोजकांनी खालच्या बाजूला सतरंजी टांगली आहे. जपानी येत नसलेल्यांनीही बसावं. म्हातारा नुसता हुंकार किती वेळा देतो, आणि त्यातले किती हुंकार एकसारखे आहेत, एवढंच मोजा. कागद-पेन्सिल दाराशी ठेवलं आहे.