राहिलं किती?

मागच्या भिंतीला टेकून उभ्या असलेल्या दहावीच्या मुलांनो,

मुख्याध्यापिकाबाईंनी मला विषय दिलाय 'प्रकल्प व्यवस्थापनातल्या उत्तम पद्धती'. पण या रंगमंचावर मी याआधी आलो होतो तो नाटकातला हवालदार म्हणून. माझी मिशी ऐन प्रवेशात सुटली तेव्हा सगळ्यांत मोठ्याने हसले ते गणिताचे सर. आजही पहिल्याच रांगेत आहेत. सर, नमस्कार करतो.

सरांनी वीस गणितं घातली आणि आपण पंधरा सोडवून ऐटीत वही पुढे केली, की सर त्या पंधरांकडे बघायचेसुद्धा नाहीत. "राहिली किती?" एवढंच विचारायचे. फार राग यायचा. पण पुढे एका मोठ्या प्रकल्पात मला तोच प्रश्न दिसला.

मी नववीत होतो तेव्हा रत्नागिरीत कोकण रेल्वेची चर्चा सुरू झाली. 1990 साली महामंडळ स्थापन झालं, प्रमुख ई. श्रीधरन. सुमारे 740 किलोमीटरचा मार्ग, 90हून अधिक बोगदे, त्यात आपला करबुड्याचा साडेसहा किलोमीटरचा. श्रीधरन यांनी कामावर उलटी घड्याळं लावली. मुदतीला किती दिवस उरले, ते दाखवणारी. पुढे दिल्ली मेट्रोतही त्यांनी हीच पद्धत नेली. पेडण्याच्या बोगद्याने मात्र त्या घड्याळाला जुमानलं नाही. माती इतकी भुसभुशीत, की खोदावी तशी ढासळायची. मार्ग सलग सुरू झाला 26 जानेवारी 1998ला, मूळ मुदत केव्हाच उलटून गेली होती. तरी घड्याळ वाया गेलं असं मी म्हणणार नाही. उशीर फायलीत दडला नाही, भिंतीवर सगळ्यांना दिसत राहिला.

आम्ही बांधकामवाले बैठकीत काय सांगतो? "नव्वद टक्के झालंय, साहेब." आणि गळती, तपासण्या, परवानग्या, बिलं सगळं त्या उरलेल्या दहा टक्क्यांत! कंपन्या महागडं सॉफ्टवेअर घेतात आणि त्यातही हेच नव्वद टक्के भरतात. म्हणून मुलांनो, झालेलं सांगू नका, राहिलेलं सांगा. घरी सांगा, शाळेत सांगा, उद्या नोकरीत साहेबाला सांगा. मागे कोण हसतंय? तुझं भूमितीचं किती राहिलंय रे?

'क्रिटिकल पाथ'बद्दलही बोलायचं ठरवलं होतं. 1950च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेत ड्युपॉन्ट कंपनीच्या कामातून ही पद्धत आली. ज्या कामांच्या साखळीत एक दिवस चुकला की सगळाच प्रकल्प एक दिवस मागे जातो, ती साखळी आधी शोधायची. बाकीचं तुम्हाला इंजिनिअरिंगला शिकवतील.

पालकांनो, तुम्हीही मुलांना "किती झाला अभ्यास?" विचारू नका. उत्तर ठरलेलं असतं: "होत आलाय."

सर मान डोलावतायत, म्हणजे निदान पंधरा गणितं बरोबर आली असावीत. बाई, लेझीमची मुलं मघापासून उन्हात ताटकळलीत. बक्षिसं घेऊ या.