मुठीची पारख

नव्या घरातील स्वयंपाकघराचे काम शेवटास येते, हाती राखून ठेवलेला पैसा बहुतेक संपलेला असतो, आणि नेमक्या त्या वेळी सुतार विचारतो, "हँडल कोणती लावायची?" ओट्याच्या दगडासाठी घरातील माणसे चार दुकाने हिंडलेली असतात. कपाटांच्या रंगावरून मतभेद होऊन मिटलेले असतात. मुठींचा निर्णय मात्र दुकानातील फळीवर ओळीने ठोकलेल्या नमुन्यांपुढे उभे राहून पाचदहा मिनिटांत उरकला जातो, आणि तो केवळ डोळ्यांनी होतो. वस्तुतः मूठ ही पाहण्याची वस्तू नव्हे. सकाळच्या चहापासून रात्रीच्या झाकपाकीपर्यंत तिला हात लागत राहतो. तो हात कधी ओला असतो, कधी कणकेने माखलेला, कधी तेलाचा, आणि कित्येक घरांत सांधे आखडलेला.

जुन्या मराठी घरात हा प्रश्न फारसा उद्भवत नसे. भिंतीत फडताळ असे, त्याच्या दाराला लोखंडी कडी असे. बाकीची भांडी उघड्या मांडणीवर आणि दूधदुभते शिंकाळ्यात. डबा हवा असेल तर तो सरळ उचलायचा. गेल्या काही दशकांत ओट्याखाली ट्रॉल्या आल्या, भिंतीवर बंद कपाटे आली, आणि मिठापासून मसाल्यापर्यंत सारे दाराआड गेले. स्वयंपाकघर नीटनेटके दिसू लागले हे खरेच; पण प्रत्येक जिन्नसासाठी आधी काहीतरी ओढणे आले.

झाकलेल्या, आटोपशीर स्वयंपाकघराचा एक प्रसिद्ध आरंभ जर्मनीतील फ्रँकफुर्ट शहरात झाला. तेथे 1926 मध्ये मार्गारेटे श्युटे-लिहोट्स्की या व्हिएन्नाच्या स्त्री-वास्तुशिल्पज्ञांनी नगरपालिकेच्या वसाहतींसाठी सुमारे सहा फूट रुंद आणि अकरा फूट लांब अशा स्वयंपाकघराची योजना केली. पुढे जवळजवळ 10,000 घरांत ती अमलात आली. तोवर आपण स्वतः स्वयंपाक केला नव्हता, असे बाईंनीच नंतर सांगितले आहे. हे ऐकून पुष्कळ गृहिणींना हसू येईल. परंतु त्यांनी हाताच्या हालचालींचा विचार बारकाईने केला होता. तांदूळ, साखर, डाळी यांसाठी अ‍ॅल्युमिनियमचे लहान खण होते. त्यांना मागे पकडायला मूठ आणि पुढे ओतायला तोटीसारखे तोंड. खण ओढायचा आणि तोच उचलून पातेल्यात ओतायचा. मूठ आणि माप एकाच वस्तूत आले. तरीही एक उणीव राहिली. हे खण लहान मुलांच्या सहज हाती लागत. योजना एकट्या प्रौढ व्यक्तीसाठी झाली होती; त्या खोलीत मूल येईल, दुसरे माणूस येईल, ही गोष्ट तिच्या हिशेबात नव्हती.

मुठीच्या निवडीतही नेमके हेच विसरले जाते. दुकानात जो जातो तो बहुधा धडधाकट असतो. घरात मात्र सत्तरीची आजी असते, आणि पहाटेचा पहिला चहा तीच करते.

लहान गोल मूठ, जिला दुकानदार नॉब म्हणतात, ती अंगठा आणि दोन बोटे यांच्या चिमटीत धरावी लागते. सारा जोर बोटांच्या टोकांवर येतो. हात ओला असेल तर चिमूट निसटते. आडव्या दांडीच्या मुठीत चार बोटे आकड्यासारखी अडकतात, अंगठ्याचे काम उरत नाही, आणि ओढ मनगटामागच्या दंडातून येते. हलक्या, डोक्याच्या उंचीच्या कपाटाला नॉब शोभतो आणि चालतोही. परंतु ज्या ट्रॉलीत तांदळाचे आणि पिठाचे डबे ठेवायचे, तिला नॉब लावणे म्हणजे संधिवाताच्या बोटांना रोज शिक्षा करणे होय. अशी आजी तक्रार करीत नाही. ती दोनदा ओढून पाहते आणि मग त्या खणाकडे जाणेच सोडते. लाडवांसाठी बेसन काढायला सुनेची वाट पाहते. काही दिवसांनी लाडू वळणेही थांबते. घरातील माणसे हळहळून म्हणतात, आता त्यांना झेपत नाही. त्यांना न झेपणारी गोष्ट पुष्कळदा ती मूठच असते, आणि ती बदलायला दोन स्क्रू पुरतात.

म्हणून दुकानात जाताना त्या घरात ज्याचा हात सर्वांत दुबळा आहे त्याला बरोबर न्यावे. डोळे मिटून मूठ धरून पाहावी. दांडी आणि दार यांच्यामध्ये बोटे सहज शिरतील, नखे दाराला घासणार नाहीत, एवढी जागा हवी. काही दांड्या दिसायला सडपातळ, पण कडेला धारदार असतात. भरलेली ट्रॉली ओढताना त्या बोटांत रुततात. धरले तर चावते, सोडले तर पळते, ही म्हण अशा मुठींना शब्दशः लागू पडते. दांडीची टोके दाराकडे वळलेली असावीत. मोकळ्या टोकात साडीचा पदर, ओढणी किंवा सदऱ्याचा खिसा अडकतो, आणि खालच्या खणांवर तेच टोक रांगत्या मुलाच्या कपाळाच्या उंचीवर येते.

हल्ली मूठच नको, दाबले की दार उघडते, असा एक प्रकार लोकप्रिय आहे. दिसायला तो फार सुंदर. परंतु ओट्याशी उभे राहून पोळ्या लाटताना गुडघा टेकला की खण बाहेर येतो, आणि तेलकट बोटांचे ठसे दारावर उमटत राहतात. ज्या घरात रोज दोन वेळा फोडणी पडते तेथे हे सौंदर्य पुसण्यातच दिवस जातो. तीच गोष्ट नक्षीदार मुठींची. नक्षीच्या खाचांत तेल आणि धूळ मिळून जो चिकटा बसतो, तो जुन्या दातघाशीवाचून निघत नाही.

धातूचा विचार गावाच्या हवेवरून करावा. इंदूर-नागपूरच्या कोरड्या हवेत जे टिकते ते रत्नागिरीस, पणजीस किंवा चेन्नईस टिकेलच असे नाही. जस्ताच्या मिश्रधातूवर चकचकीत मुलामा दिलेली मूठ खाऱ्या हवेत ठिपके धरते, मग तिचे पापुद्रे सुटतात. अशा ठिकाणी 304 क्रमांकाचे स्टेनलेस स्टील घ्यावे. चुंबक चिकटला नाही म्हणजे माल उत्तम, ही समजूत मात्र पुरेशी नाही; 202 क्रमांकाच्या स्वस्त स्टीललाही तो सहसा चिकटत नाही. पितळ जुने होते पण सडत नाही. तांब्याचे प्रमाण पुरेसे असलेल्या अशा धातूंवर जंतू फार काळ तग धरत नाहीत, ही गोष्ट अमेरिकेतील पर्यावरण-संरक्षण खात्याने 2008 मध्ये अधिकृतपणे मान्य केली. पितळ काळे पडू नये म्हणून वर लाखेचा थर दिला, तर हा गुण त्या थराखाली झाकला जातो, हे ध्यानात ठेवावे. चिंचेने घासण्याची तयारी असलेल्या घरानेच उघडे पितळ घ्यावे.

मूठ बसविताना सुताराकडून एक गोष्ट आवर्जून करवून घ्यावी. दोन छिद्रांमधील अंतर नेहमीच्या मापाचे, म्हणजे 96, 128 किंवा 160 मिलिमीटर असावे. ही सारी 32च्या पटीतील मापे आहेत आणि बाजारातील बहुतेक मुठी त्यांवर बसतात. वेगळे माप घेतले तर पुढे मूठ बदलताना दाराला नवी भोके पडतात आणि जुनी बुजवावी लागतात. रुंद ट्रॉलीची मूठ मधोमध आणि लांब हवी, कारण एका कडेने ओढलेला खण तिरका होऊन अडतो. सगळ्या मुठी एकदम ठोकण्याआधी एकच, सर्वांत जड ट्रॉलीला लावून आठवडाभर वापरून पाहावी. आणि खरेदी करताना दोन मुठी जास्त घेऊन, त्यांच्या स्क्रूंसह, एका पुडीत बांधून ठेवाव्यात. पाच वर्षांनी एखादी तुटली तर तीच घडण बाजारात मिळेल याचा भरवसा नसतो.