शिकाऊ डॉक्टर आमच्या कोठ्यात

आम्ही रामटेकच्या बचत गटांतल्या बाया. आज बोलायचं आहे ते जनावरांच्या होऊ घातलेल्या डॉक्टरांविषयी.

मागच्या पावसाळ्यात आमच्या गटातल्या एका ताईची बकरी अडली. पिल्लाची मान मागे वळलेली. डॉक्टर दुसऱ्या गावी गेलेले. शेवटच्या वर्षाचे दोन विद्यार्थी तेवढे गावात होते. त्यातली मुलगी हात धुऊन बसली, पण हात थरथरत होता. बकरी वाचली, पिल्लू गेलं. नंतर ती म्हणाली, "ताई, अडलेली बकरी मी आज पहिल्यांदाच हाताळली."

आम्हाला आधी रागच आला. साडेपाच वर्षांचं शिक्षण, त्यातलं शेवटचं वर्ष तर प्रत्यक्ष काम शिकण्याचं! मग चहा ठेवला आणि विचारलं, कमी कुठं पडतं?

दोघं मोकळेपणानं बोलले. एका गाईभोवती इतकी मुलं, की गाभण तपासायला एकेकाला मिनिटभरही मिळत नाही. भर गाई-म्हशींवर, बकरी मागे राहते. पुस्तकं इंग्रजीत, आणि आपण सांगतो, "सुस्त आहे, रवंथ करत नाही." त्यावरून आजार कसा ओळखायचा, याचा सराव नाही. मुलगा म्हणाला, "घरी गेलो की आम्ही पहिलं विचारतो, मालक कुठे आहेत? बकऱ्या तर तुम्ही सांभाळता."

हे ऐकून आम्ही एकमेकींकडे पाहिलं. रोज चारा-पाणी आपण करतो आणि विचारणा होते घरधन्याला.

मैत्रिणींनो, नागपूरला १९५८ पासून पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, २००० साली विद्यापीठही झालं. शिकणारी मुलं आपल्यापासून दूर नाहीत. म्हणून आम्ही गटात ठरवलं : ग्रामसभेतून मागणी करायची, की विद्यार्थ्यांची शिबिरं आपल्या गावात घ्या. सोबत अनुभवी डॉक्टर मात्र हवेच.

आपणही तयारी ठेवू. बकरी कधी फळली ते वहीत लिहा, त्यापुढे पाच महिने मोजा. आंत्रविषाराची लस पावसाळ्याआधी टोचून घ्या. आजार कधीपासून, काय खाल्लं, लेंडी कशी, हे डॉक्टरांना स्वतः सांगा. आणि बकरी अडली तर वाट पाहू नका, लगेच १९६२ ला फोन लावा.

ती मुलगी पुन्हा येणार आहे. यावेळी तिला आमच्या सगळ्या गाभण बकऱ्या दाखवणार आहोत. तिचा हात बसला, तर पुढचं पिल्लू वाचेल.