कळमन्याचा भाव विचारण्याची रीत

श्रोतेहो, आजच्या विषयाचे नाव आधीच सांगितले तर निम्मी मंडळी रेडिओचा कान पिळून मोकळी होतील. म्हणून विषय मागाहून, आधी बाजार.

नागपूरच्या पूर्वेस कळमना. तेथे कृषि उत्पन्न बाजार समितीचे पंडित जवाहरलाल नेहरू मार्केट यार्ड आहे, हे काटोल-नरखेडच्या संत्रेवाल्याला किंवा भिवापूरच्या मिरचीवाल्याला मी सांगायला नको. माल गाडीत भरला, पहाटे गाडी यार्डात लावली, आणि मग कळले की भाव पडला. आता परत न्यावा तर भाडे अंगावर, आणि संत्रे काही कापसासारखे थांबत नाही. घरून निघण्यापूर्वी भाव कळणे म्हणजे पदरात किती पडणार हे कळणे.

जुन्या काळी कित्येक बाजारांत भाव झाकून ठेवण्याचीच रीत होती. दलाल आणि खरीददार रुमालाखाली एकमेकांची बोटे दाबून सौदा ठरवीत, आणि ज्याचा माल तो शेतकरी बाजूला उभा राहून नुसता रुमाल पाहत असे. ही रीत मोडावी, लिलाव उघड व्हावा, म्हणून नियंत्रित बाजार आले. त्यात आपला वऱ्हाड पुढे होता, बरं का. कारंजा येथला बाजार १८८६ सालीच नियमाखाली आला. १८९७ साली वऱ्हाडातल्या कापूस व धान्य बाजारांचा कायदा झाला, आणि पुढे १९६३ साली महाराष्ट्र राज्याने आपला कायदा केला.

२००० साली केंद्र सरकारच्या विपणन व निरीक्षण संचालनालयाने ‘ॲगमार्कनेट’ या नावाने बाजारभाव संगणकावर आणण्याचे काम हाती घेतले. या संचालनालयाचे मुख्य कार्यालय फरिदाबादला, पण शाखा-मुख्यालय नागपुरातच आहे. बाजार समित्यांकडून आलेले हे रोजचे भाव सरकारच्या खुल्या माहितीच्या संकेतस्थळावरही मिळतात. आणि ते नुसते वाचण्यासाठी नव्हेत. एखादे यंत्र दुसऱ्या यंत्राकडून ते मागून घेऊ शकते. या मागण्याच्या ठरलेल्या रीतीला ‘एपीआय’ म्हणतात. झाले, विषयाचे नाव आले!

तहसील कचेरीची खिडकी आठवा. खिडकीवर जाऊन कोणी गोष्ट सांगत बसत नाही. ठरलेला अर्ज, त्यात गाव, गट नंबर, नाव. अर्ज बरोबर तर नक्कल मिळते, चुकीचा तर शेरा मारून परत येतो. एपीआय ही तशीच खिडकी आहे. आपण पाठवतो ती विनंती आणि तिकडून येते ते उत्तर. फरक इतकाच, की येथला कारकून अक्षराचा पक्का आहे. ‘असेल बुवा याच्या मनात’ म्हणून तो काही समजून घेत नाही.

आता हा अर्ज लिहायचा कोठे? आज्ञावली लिहिणारे लोक ज्या वहीत लिहितात तिला ‘कोड एडिटर’ म्हणतात. मायक्रोसॉफ्ट कंपनीने २०१५ साली काढलेला ‘व्हिज्युअल स्टुडिओ कोड’ हा त्यांतला एक. तो फुकट मिळतो आणि शाळेच्या साध्या संगणकावरही बहुधा चालतो. त्याला ‘रेस्ट क्लायंट’ नावाची जोड बसवता येते. ‘पोस्टमन’ नावाचे वेगळे साधनही आहे. त्याची सुरुवात २०१२ साली आपल्या देशात, बंगलोरला झाली, आणि नावही किती चपखल! पण शिकवणाऱ्याच्या दृष्टीने मला एडिटरमधलीच रीत बरी वाटते. तेथे विनंती ही साध्या मजकुराची फाईल असते. ती जपून ठेवता येते, फळ्यावर उतरवता येते, आणि मुलाने काय मागितले होते हे गुरुजींना दुसऱ्या दिवशीही वाचता येते.

गुरुजी, कागद-पेन्सिल घ्या. एक नवी फाईल उघडा आणि तिच्या नावाच्या शेवटी टिंब देऊन ‘एचटीटीपी’ ही अक्षरे लावा. पहिल्या ओळीत ‘गेट’ हा शब्द, म्हणजे ‘दे’. एक जागा सोडून खिडकीचा पत्ता. तो त्या संकेतस्थळावर बाजारभावाच्या पानावर मिळतो. खालच्या ओळीत प्रश्नचिन्ह देऊन आपली किल्ली. पुढे एकेका ओळीत एकेक मागणी, आणि प्रत्येक ओळीच्या आरंभी इंग्रजीतले ‘आणि’चे चिन्ह: उत्तराचा नमुना ‘जेसन’ हवा, राज्य महाराष्ट्र, जिल्हा नागपूर, माल संत्रे. हे सारे इंग्रजी लिपीत टंकायचे. तसे केले की ‘गेट’च्या वर बारीक अक्षरांत ‘सेंड रिक्वेस्ट’ असे उमटते. त्यावर टिचकी मारली की शेजारच्या अर्ध्या पडद्यावर उत्तर उघडते. दुसरी विनंती त्याच फाईलमध्ये लिहायची तर मध्ये एका ओळीवर तीन जाळीची चिन्हे द्यावीत.

किल्लीविषयी थोडे. संकेतस्थळावर नाव नोंदवले की प्रत्येकाला आपली किल्ली मिळते. नमुन्याची एक सामाईक किल्लीही तेथे ठेवलेली आहे, पण ती एका वेळी दहाच नोंदी देते. आपली किल्ली विनंतीच्या फाईलमध्ये लिहून ती फाईल चारजणांना वाटणे म्हणजे कुलपाला किल्ली लटकवून गावाला जाणे. ती वेगळ्या फाईलमध्ये ठेवावी, आणि विनंतीत दुहेरी महिरपी कंसात तिचे फक्त नाव घालावे.

उत्तर आले. त्याच्या माथ्यावर तीन अंकी शेरा असतो. २०० म्हणजे विनंती स्वीकारली. ४०० म्हणजे अर्जच चुकला, ४०१ किंवा ४०३ म्हणजे किल्ली नाही अथवा परवानगी नाही, ४०४ म्हणजे पत्ता चुकला. ५०० पासून पुढचे शेरे आले तर दोष पलीकडच्या यंत्राचा. थोड्या वेळाने पुन्हा विचारावे. मुलांकडून पहिल्या दिवशी मुद्दाम चुकीची किल्ली घालून विनंती पाठवून घ्या. नकार कसा दिसतो हे ज्याने पाहिले नाही त्याला होकार ओळखता येत नाही.

पण खरा धोका ४०० च्या शेऱ्यात नाही. तो २०० मध्ये आहे!

सोयाबीनचेच पाहा. त्या नोंदींत हा शब्द ‘सोयाबीन’ या उच्चाराप्रमाणे, मध्ये ‘ए’ घालून लिहिलेला आहे. मुलाने शब्दकोशातले स्पेलिंग घातले, तो ‘ए’ सुटला. विनंती नमुन्याप्रमाणे आहे, म्हणून शेरा २०० येतो, आणि नोंदी शून्य. मुलगा धावत बापाला सांगतो, “बाबा, आज सोयाबीनची आवकच नाही.” आवक भरपूर असेल हो, सापडला नाही तो शब्द. तुरीचे तर नाव असे, की त्यात अरहर, तूर, रेड ग्रॅम आणि कंसात अख्खी, असे सगळे येते. म्हणून आधी मालाचे नाव न घालता फक्त जिल्ह्याच्या नोंदी मागाव्या, त्यांत नाव कसे लिहिले आहे ते डोळ्यांनी पाहावे, आणि तेच तेथून उचलून विनंतीत घालावे. प्रत्येक वेळी एकच गोष्ट बदलावी. दोन बदलल्या आणि उत्तर फिरले, तर कशाने फिरले ते कळणार नाही.

उत्तरात एकूण नोंदी किती आणि हाती आल्या किती, हे दोन्ही आकडे असतात. एकूण सदतीस आणि हाती दहा, असे असेल तर सत्तावीस अजून खिडकीतच आहेत. त्या मागायच्या तर ‘ऑफसेट’ म्हणून दहा हा आकडा घालावा, म्हणजे पहिल्या दहा वगळून पुढच्या येतील. दहा ओळींची सरासरी काढून जिल्ह्याचा भाव म्हणून शाळेच्या फळ्यावर लिहू नये.

प्रत्येक नोंदीत तीन भाव दिलेले असतात: कमीत कमी, जास्तीत जास्त, आणि ‘मोडल’, म्हणजे ज्या भावाने अधिकांश माल गेला तो. आपल्याकडे पुष्कळदा जास्तीचाच भाव सांगत फिरतात, पण तो चार उत्तम ढिगांना मिळालेला असू शकतो. गाडी भरणाऱ्याने मधला पाहावा. हे सारे भाव क्विंटलचे असतात. संत्र्याचा भाव पुष्कळदा टनावर बोलला जातो; टनाला ३०,००० रुपये म्हणजे क्विंटलला ३,०००. ही दहाची गफलत फार महाग पडते. तारीख आधी दिवस, मग महिना अशी लिहिलेली असते, ती उलटी वाचू नये.

आणखी एक बारकावा शिक्षकांसाठी. उत्तरात भावाचा आकडा अवतरणचिन्हांत आला असेल, तर यंत्र त्याला अक्षरे समजते. अक्षरांच्या क्रमाने लावले तर ९०० हा १००० च्या वर जातो, कारण ९ हे अक्षर १ च्या पुढचे. ज्या पोराने याची तपासणी न करता ‘सर्वांत चांगला बाजार’ निवडणारी आज्ञावली लिहिली, ती आज्ञावली शेतकऱ्याला नेमकी स्वस्त बाजाराकडे पाठवील. म्हणून आकड्यांची तुलना करण्यापूर्वी त्यांना आकडे करून घ्यावे.

बाजार बंद असला किंवा समितीकडून भाव पोचले नसले, तर त्या दिवसाची नोंद मिळणार नाही. ही खिडकी चालू दिवसाचेच भाव देते. गेल्या महिन्याचे तिला विचारून उपयोग नाही. म्हणून आलेले उत्तर रोज जपावे. एडिटरमध्ये ते फाईल म्हणून ठेवता येते; फाईलला त्या दिवसाची तारीख हेच नाव द्यावे. आंबिया बहराचे संत्रे यार्डात येऊ लागले की सातवी-आठवीच्या वर्गाने हे काम पाळीपाळीने करावे, आणि मधला भाव शाळेच्या दर्शनी फळ्यावर, ‘क्विंटल’ हा शब्द न विसरता, लिहावा.